क्वालिटी ऑफ लाइफचा फॉर्म बाबांऐवजी मी भरला तर चालेल का?

बाबांच्या मेंदूतली गाठ काढली, एमआरआय चांगला आला, तरी फॉलोअपला पन्नास प्रश्नांचा फॉर्म दिला. त्यातून काय कळतं आणि तो तुम्हीच भरून टाकला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी न्यूरोसर्जरी विभागात समुपदेशक आहे, हे फॉर्म भरून घेणं माझं रोजचं काम. बाबांना समजत असेल, उत्तर देता येत असेल, तर कृपा करून त्यांनाच भरू द्या.

पन्नास प्रश्न म्हणजे बहुधा ईओआरटीसी या युरोपीय संस्थेचे दोन फॉर्म: कुठल्याही कॅन्सरसाठीचा ३० प्रश्नांचा सी३० आणि मेंदूच्या गाठींसाठीचा २० प्रश्नांचा बीएन२०. सी३० मराठीतही आहे, तो मागून घ्या.

डॉक्टर केसपेपरवर कार्नोफ्स्की स्कोअर लिहितात, ० ते १००. रुग्ण स्वतःचं स्वतः करतो का, कामधंदा करू शकतो का, एवढंच त्यात येतं. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढलेली. चालणं, आंघोळ, जेवण सगळं व्यवस्थित, कार्नोफ्स्की ९०. पण बीएन२० मध्ये मनातलं बोलायला योग्य शब्द सापडताना त्रास होतो का, या प्रश्नापुढे त्यांनी ४ ला, म्हणजे 'खूप जास्त'ला गोल केला होता. विचारल्यावर कळलं, फोन वाजला की ते मुकाट्यानं बायकोच्या हातात देत. घरच्यांना वाटत होतं, आजारपणानं अबोल झालेत. त्यांना स्पीच थेरपीला पाठवलं. एमआरआयमध्ये हे दिसत नाही हो.

घरच्यांना उलटी, अशक्तपणा, चालण्याचा त्रास बऱ्यापैकी अचूक कळतो. भीती, उदासी, पुढची चिंता यांचा अंदाज मात्र चुकतो. घरचे बहुधा रुग्णापेक्षा वाईटच चित्र रंगवतात, तेही मायेपोटी. आणि मुलगा किंवा मुलगी शेजारी बसली की वडीलमंडळी सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण करतात, हे मी नेहमी बघते. म्हणून तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा. वाचायला त्रास होत असेल तर आमच्यासारख्या कुणाला प्रश्न वाचून दाखवायला सांगा.

अपवाद आहेत. भाषाच गेली असेल, किंवा गाठीमुळे स्वतःतला बदल स्वतःला जाणवेनासा झाला असेल (काही रुग्णांत हे होतं, तो हट्टीपणा नसतो), तर तुमचा फॉर्म लागतोच. तेव्हा शक्य असल्यास दोघांचे वेगवेगळे भरा आणि कुणी भरला ते वर लिहा.

उत्तरांचं रूपांतर ० ते १०० गुणांत होतं. हालचाल, मनःस्थिती अशा कार्यांत जास्त गुण चांगले, डोकेदुखीसारख्या लक्षणांत जास्त गुण वाईट; इथं पुष्कळांचा गोंधळ उडतो. तुलना बाबांच्याच आधीच्या फॉर्मशी करायची. साधारण १० गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा धरतात. ऑपरेशनपूर्वीचा फॉर्म फाइलमध्ये आहे का, ते विचारा.

बहुतेक प्रश्न मागच्या आठवड्याबद्दल असतात. त्या आठवड्यात डेक्सामेथासोनचा डोस कमी-जास्त झाला असेल तर कडेला लिहून ठेवा. या स्टिरॉइडनं सूज उतरून बरं वाटतं, पण झोप उडते, चिडचिडही होते. फॉर्म दिल्यावर ३ आणि ४ वर खुणा केलेले प्रश्न डॉक्टरांना त्याच भेटीत दाखवा. नाहीतर तो कागद नुसता फाइलला लागतो.