‘बाबा’ हा शब्द तिच्याकडेच राहू द्या

पत्र थोडक्यात: हे वाचक कराडजवळच्या गावातले, वय ३८. दीड वर्षापूर्वी त्यांनी पती गेलेल्या एका बाईंशी लग्न केलं. त्यांची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. वडील अपघातात गेले तेव्हा ती पाचची होती. ती यांना ‘काका’ म्हणते. गेल्या महिन्यात एका बारशाच्या पंगतीत आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं, काका काय? बाबा म्हण की आता!” पोरगी ताटावरून उठून गेली. नंतर शाळेचा फॉर्म भरताना ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी यांचा हात थांबला. ‘ताई, मग मी तिचा कोण?’ असं त्यांनी विचारलं आहे.

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी अडले. तुम्ही सहज लिहून गेलात की परवा सायकलची चेन पडली, तर ती फाटकातूनच ओरडत आली, “काका, चेन!” आई ओट्याशी होती, आजी पडवीत बसली होती, पण हाक तुम्हाला. आणि तुमचे हात काळे झाले तेव्हा तिने दप्तरातला स्वतःचा रुमाल काढून दिला. अडल्यावर ती कुणाकडे धावते, हे तिचं तिने ठरवलंय.

आपल्याकडचं एक जुनं सुभाषित पाच पितर मोजतं: जन्म देणारा, मुंज लावणारा, विद्या देणारा, अन्न देणारा आणि भयातून सोडवणारा. कालिदासही रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाबद्दल सांगतो की वळण लावणं, राखणं, पोसणं तो करी म्हणून प्रजेचा पिता तोच. त्यांचे बाप नुसते जन्मापुरते. हे आत्यांना जरूर ऐकवा. पोरीला मात्र नको. तिचे बाबा जन्मापुरते नव्हते. पाच वर्षं त्यांनी तिला खांद्यावर घेतलंय, भरवलंय. तिच्या लेखी ‘बाबा’ म्हणजे तो एकच माणूस. त्यांचं तिच्यापाशी उरलंय तरी काय? एक फोटो आणि ही हाक. ती हाक दुसऱ्याला दिली तर ते पुरतेच जातील, असं नऊ वर्षांच्या जिवाला वाटणारच. ती ताटावरून उठली त्यात तुमचा राग नव्हता हो.

मी माझ्या वडिलांना ‘भाऊ’ म्हणायचे. धाकटे काका त्यांना भाऊ म्हणत, म्हणून चुलत भावंडं म्हणायची, म्हणून आम्हीही. अशी घरं कितीतरी आहेत; कुठे अण्णा, कुठे तात्या, कुठे नाना. शाळेच्या छपराखाली, बाहेर पाऊस धो धो, आणि भाऊ माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा तारेने आवळतायत, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्यांना ‘बाबा’ म्हणायचं राहिलं, असं मला कधी वाटलं नाही. ‘वडील’ म्हणजे तरी मुळात काय, वयाने मोठा. थोरल्या भावालाही आपण वडील बंधू म्हणतोच. आणि ‘पालक’ म्हणजे सांभाळणारा. तो तुम्ही आहातच.

म्हणून फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात तिच्या बाबांचंच नाव राहू द्या, पालक म्हणून तिच्या आईचं आणि तुमचं लिहा. कुणी ‘सावत्र वडील’ लिहा म्हणालं तर ऐकू नका. २०२२ मध्ये अशाच एका पुनर्विवाह केलेल्या आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कागदपत्रांत नव्या पतीला ‘सावत्र वडील’ म्हणून दाखवायला लावणं जवळजवळ क्रूरपणाचं आहे. पुढे हिंदू दत्तक कायद्याने दत्तक घ्यावंसं वाटलं तर साधारणपणे मूल १५ वर्षांचं व्हायच्या आत घ्यावं लागतं, आणि पुरुषाने मुलगी घ्यायची तर दोघांत किमान २१ वर्षांचं अंतर हवं. तुमच्यात २९ आहे. वेळ आहे, घाई करू नका, आणि तिला विचारल्याशिवाय तर नकोच.

आत्यांशी तुम्ही स्वतः बोला, बायकोला पुढे करू नका. “ती मला काका म्हणते ते मला आवडतं,” एवढं पुरे. पोरीच्या कानावर पडलं तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र मला खटकली. लग्नानंतर ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून’ तिच्या बाबांचा फोटो बाहेरच्या खोलीतून काढून माळ्यावर ठेवला, असं लिहिलंय. तो खाली आणा दादा, आणि तुम्हीच आणा. धूळ पुसून तिच्या हातात द्या, खिळा कुठे मारायचा ते तिलाच विचारा. तिथे उभ्या उभ्या तिने बाबांचं काही सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर हातोडी जागेवर ठेवा आणि चहाला जा.