मोडलेल्या घाटवाटेवर एकट्याने जाताना

ऑक्टोबरात एकट्याने जुनी घाटवाट शोधायचा तुझा विचार उत्तम आहे, जरूर जा. फक्त पहिलीच वाट मोडलेली, म्हणजे वापरातून गेलेली, निवडू नकोस. आधी पायथ्याच्या वैशाखरे गावातून नाणेघाट चढ. राबती घाटवाट कशी असते हे नजरेत बसलं की मोडलेली ओळखू येते.

ऑक्टोबरात गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि वाट त्याखाली गडप होते. नवखे इथेच चुकतात, ढोरवाटेला लागतात. ती फाटे फुटत कारवीच्या झुडपांत विरते. जुन्या घाटवाटेवर मात्र रचलेले दगड, खोदीव पायऱ्या, कुठे पाण्याचं टाकं सापडतं. पंधरा मिनिटं खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपाशी परत ये. अंदाजाने नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद उभ्या घळीत, उतरायचं नाही, खाली कडा निघतो. जिथून परत चढता येणार नाही, तिथे उतरूच नकोस.

बाकी थोडक्यात:
- पायथ्याच्या गावात वाट विचार. परतीची वेळ तिथे आणि घरी सांगून ठेव.
- पाणी किमान तीन लिटर. ऑक्टोबरचं ऊन कमी लेखू नकोस.
- गवतात काठी आपटत चाल, फुरसं हा विषारी साप सहजी हलत नाही.
- दुपारी दोनला, असशील तिथून माघारी.

जीपीएस, दोर यांचं नंतर बघू. कुठली वाट डोक्यात आहे?