टीमचं काम सपशेल फसल्यावर वाबी-साबीचा टीमलीडरला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय: वर्षभर राबून उभं केलेलं काम फसलं, दोन जण सोडून गेले, उरलेले मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. अशा वेळी अपूर्णता स्वीकारण्याचं हे जपानी तत्त्वज्ञान टीमलीडरच्या काही कामाचं आहे, की नुसतं पोस्टरवर शोभणारं? माझ्या मते ते कामाचं आहे, आणि तुमच्यासारख्या प्रसंगात तर फारच. फक्त ते जसं सांगितलं जातं तितकं गोड नाही. त्यात कष्ट आणि थांबणं भरपूर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. वाबी-साबीची दृष्टी जपानी चहाविधीतून घडली आणि चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या काळात ती पक्की झाली. बड्या सरदारांकडे तेव्हा चीनहून आलेल्या नितळ, निर्दोष भांड्यांचा मान होता. रिक्यूंनी चोजिरो या कुंभाराचे राकू वाडगे पुढे आणले. चाकावर न फिरवता हाताने घडवलेले, थोडे वेडेवाकडे, काळे किंवा तांबूस. त्यांच्या चहाच्या खोलीचं दारही मुद्दाम बुटकं असायचं, जेमतेम ६५-७० सेंटिमीटर उंचीचं. आत जायचं तर सरदारालासुद्धा गुडघ्यावर येऊन सरकत जावं लागायचं आणि तलवार बाहेर ठेवावी लागायची. नेतृत्वाबद्दल बोलताना मला वाडग्यांच्या आधी हे दार आठवतं. तुमच्या टीममधल्या माणसाला वाईट बातमी घेऊन तुमच्यापर्यंत यायचं असेल, तर तुम्ही तुमची तलवार बाहेर ठेवली आहे हे त्याला दिसलं पाहिजे.

आता किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड चढवणं. नेतृत्वावरच्या भाषणांत हे उदाहरण हमखास येतं, पण ते काम प्रत्यक्षात कसं चालतं ते क्वचितच सांगितलं जातं. खरी शिकवण तिथेच आहे. उरुशी नावाच्या झाडाच्या चिकात पीठ मळून चिकटा करतात आणि तुकडे त्याने जोडतात. मग भांडं एका दमट पेटीत ठेवून देतात. ही लाख हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होते, त्यामुळे नुसती उष्णता देऊन घाई करता येत नाही. पहिल्या जोडालाच एक-दोन आठवडे लागतात. नंतर उडालेल्या टवक्यांच्या जागी बारीक माती कालवलेली लाख भरायची, घासायची, वर लाखेचा पातळ थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, पुन्हा घासायचं. असं होता होता महिने जातात. सोन्याची पूड पडते ती अगदी शेवटच्या थरावर, आणि तो थर अजून किंचित ओला असतानाच. शिवाय ओली लाख अंगाला लागली तर पुरळ उठतं. दुरुस्ती करणाऱ्यालाही तिचा त्रास होतोच.

बहुतेक नेते सोन्यापासून सुरुवात करतात. काम फसून आठवडाही झालेला नसतो आणि सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं जातं की या अपयशाने आपल्याला खूप शिकवलं, आता आपण आणखी मजबूत होऊ. ऐकणाऱ्यांच्या मनात अजून सल बाकी असतो. रात्री जागून केलेल्या कामाचं काय झालं, सोडून गेलेल्यांना थांबवायचा प्रयत्न तरी झाला का, आपलं नाव वर कसं सांगितलं गेलं, हे प्रश्न तसेच पडलेले असतात. त्यावर सोनं फासलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या वेळेपासून काही सांगायचं बंद करतात.

तुमच्या जागी मी पहिले काही आठवडे फक्त कुठे तुटलं ते बघण्यात घालवेन. सगळ्यांसमोर नाही, एकेकाशी बसून. आणि सुरुवात स्वतःच्या निर्णयांपासून, नेमकेपणाने. 'आपण सगळेच कमी पडलो' हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा 'अमुक तारीख मी कबूल केली, तेव्हा चाचणीला किती दिवस लागतील हे तुम्हाला विचारलं नव्हतं' असं सांगितलं, की समोरचाही नेमकं बोलू लागतो.

मी एका बाईंच्या हाताखाली काम केलं, त्यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. आढावा बैठकीत कुणी बिघाड सांगायला लागलं की त्या लॅपटॉप मिटायच्या, पेन खाली ठेवायच्या आणि पूर्ण ऐकून घ्यायच्या. मग दोनच प्रश्न: "आणखी कुठे असं दिसतंय?" आणि "आत्ता माझ्याकडून तुला काय हवंय?" कारणं, जबाबदारी, हिशेब हे सगळं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी. कामात ढिलाई झाली असेल तर त्या कडक बोलायच्या, तरी बातमी आणणाऱ्याला बातमी आणल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. त्यामुळे आमच्याकडे भेगा केसाएवढ्या असतानाच कळायच्या.

हे काही माझं एकटीचं निरीक्षण नाही. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका उघडपणे बोलत होती, हे त्यामागचं कारण त्यांनी पुढे मांडलं. टोयोटाच्या कारखान्यात तर यासाठी चक्क दोरीच असायची. काही खटकलं की कामगार ती ओढतो, दिवा लागतो, टीमलीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोष राहणारच हे तिथे गृहीत धरलंय, आणि तरीही एकही दोष पुढे सरकू द्यायचा नाही हा आग्रह सोडलेला नाही. अपूर्णता स्वीकारली की दर्जा घसरतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हेच उदाहरण देते.

दर्जाच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाची आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी हे विमान कोसळलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. मूळ १९७८ मध्ये होतं. ओसाकाला उतरताना त्याच विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती आणि मागच्या दाबरोधक भिंतीची, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती बोइंगच्या माणसांनी केली होती. आराखड्यानुसार तिथे सलग एक जोडपट्टी हवी होती. बसवले गेले दोन तुकडे, त्यामुळे सगळा भार रिव्हेटांच्या एकाच ओळीवर आला. विमान त्यानंतर सात वर्षं उडत राहिलं. दुरुस्ती झाली एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. ती कशी झाली हे कुणी उलगडून पाहिलं नाही.

पुढे २००६ मध्ये या कंपनीने हानेदा विमानतळाजवळ एक केंद्र उघडलं. ती मोडलेली दाबरोधक भिंत, शेपटाचे अवशेष, प्रवाशांच्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून तिथे नेलं जातं. अपघातानंतर कितीतरी वर्षांनी नोकरीला लागलेली मुलं त्या पत्र्यासमोर उभी राहतात. जखम लपवायची नाही याचा अर्थ मला तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. तिथे सोनं नाही, आणि ते नसणंच योग्य आहे. काही तुटण्यांना सजवायचं नसतं, नुसतं समोर ठेवायचं असतं.

तुमच्यासाठी याचं साधं रूप म्हणजे दोन पानांची एक नोंद. काय तुटलं, कशाने, आता काय बदललं. नावं घालू नका, पण गुळमुळीतही लिहू नका. टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात ती वाचावी. आणि गेलेल्या दोघांच्या जागी अगदी तसेच दोघे शोधायच्या मागे लागू नका. किंत्सुगीत हरवलेल्या तुकड्याच्या जागी दुसऱ्याच भांड्याचा, वेगळ्या नक्षीचा तुकडा बसवण्याचीही पद्धत आहे, तिला योबित्सुगी म्हणतात.

जोडलेलं भांडं पहिल्यापेक्षा मजबूत होतं असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र मला पटत नाही. किंत्सुगी केलेला वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवत नाहीत, घासताना त्याला जपावं लागतं. तुमची टीमही काही काळ तशीच असणार आहे. तेव्हा वरून पुढच्या तिमाहीचं काम येईल, त्या वेळी सांधा नेमका कुठे आहे ते आठवून वाटणी करा. सोडून गेलेल्यांचं काम गेले काही आठवडे जो मुकाट्याने ओढतोय, त्याच्याकडून आधी काहीतरी काढून घ्या. वरिष्ठांना तारीख देण्यापूर्वी त्याच्याशी बोला, आणि त्याने 'नाही जमणार' म्हटलं तर ते तसंच वर पोचवा.