लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रक्रिया टर्मिनलवरून कशा पाहाव्यात?

आर्वी तालुक्यातील आपल्या झेरॉक्सच्या दुकानातला लिनक्स संगणक पीक विम्याचे अर्ज भरताना अडखळतो, माऊसही हलेनासा होतो, अशा वेळी आत नेमके काय चालू आहे हे टर्मिनलवरून कसे पाहावे, असे आपण विचारले आहे. सर्वप्रथम ‘टॉप’ ही आज्ञा द्यावी. तिची यादी सहसा दर ३ सेकंदांनी ताजी होते आणि प्रोसेसर अधिक वापरणारी प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) सर्वांत वर दिसते. परंतु ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे राहत असतील, तर खरी अडचण बहुधा मेमरीची असते, म्हणून शिफ्ट धरून एम दाबावे, म्हणजे क्रम मेमरीच्या वापरानुसार लागतो. (एखाद्या प्रक्रियेपुढे १०० टक्क्यांहून मोठा आकडा दिसला तरी घाबरू नये, त्या हिशेबात १०० टक्के म्हणजे प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे त्यातील एक स्वतंत्र काम करणारा भाग, असतो.) बाहेर पडण्यासाठी क्यू दाबावे.

स्थिर यादी हवी असल्यास ‘पीएस’ आणि जागा सोडून ‘एयूएक्स’ असे, सर्व इंग्रजी अक्षरे लहान ठेवून, लिहावे. दुसऱ्या रकान्यातील आकडा हा प्रक्रियेचा क्रमांक होय; ‘किल’ लिहून पुढे तो दिल्यास तिला १५ क्रमांकाचा संकेत जातो व ती आवरते घेऊन बंद होऊ शकते. ‘किल’नंतर उणे ९ लिहून प्रक्रिया सक्तीने बंद करणे मात्र मी अगदी शेवटी वापरतो, कारण त्यात प्रक्रियेला काम जतन करण्याची संधीच मिळत नाही आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरण्याची वेळ येऊ शकते.