सेवा कुठून सुरू करावी

मित्रा, परवा आपल्या ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंग संपल्यावर तू विचारलंस, ‘मी काय करू?’ आधी खुर्च्या मांड. अर्धा तास लवकर ये, पुस्तकं टेबलावर लाव, दारात उभा राहून येणाऱ्याचा हात हातात घे. सुरुवातीला माझे हात इतके थरथरायचे की कप बशीवर वाजायचा, तरी ग्रुपने चहा माझ्याकडेच दिला. ‘आज मी नाही गेलो तर चहा कोण करणार?’ या एका विचाराने मी कितीदा तरी गुत्त्याच्या वाटेवरून मागे फिरलोय.

खजिनदारी एवढ्यात नको. ए.ए.च्या सातव्या परंपरेप्रमाणे, म्हणजे ग्रुप कसा चालवावा याच्या तत्त्वाप्रमाणे, ग्रुप सभासदांनी स्वखुशीने टाकलेल्या पैशावरच चालतो. आधी सोबर राहणं जरा मुरू दे. जी.एस.आर.चं, म्हणजे ग्रुपच्या सेवा-प्रतिनिधीचं, काम तर साधारण दोन वर्षांचं, ते पुढे बघू. आणि मुदत संपली की पद सोडायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये ए.ए.चे एक संस्थापक बिल डब्ल्यू. यांना पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यांनी दुसरा पिणारा शोधला, भेटले डॉ. बॉब, ए.ए.चे दुसरे संस्थापक. आपली सगळी सेवा तिथूनच आली. तुला कुणा पिणाऱ्याचा फोन आला तर एकटा जाऊ नकोस, मला हाक मार.