कोलोरॅडोला येण्याआधी काय वाचशील

मंदार, व्हिसा, घरभाडं, विमा यावर लिहीत नाही, ते सगळं संकेतस्थळांवर आहे. तू विचारलंस ते वेगळं आहे: "ताई, कोलोरॅडो स्प्रिंग्जला येतोय, मुलगी पहिलीत जाईल, शेजारी बरेचसे फोर्ट कार्सन या लष्करी तळावरचे फौजी. बंदुकांचा वाद आणि ही माणसं समजायला काय वाचू?" प्रश्न वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सुरुवात गॅरी यंगच्या 'अनदर डे इन द डेथ ऑफ अमेरिका'पासून कर. २३ नोव्हेंबर २०१३ या एका दिवसात गोळीने गेलेली दहा मुलं, नऊ ते एकोणीस वर्षांची. त्याने एकेकाच्या घरापर्यंत माग काढलाय. यंग मूळचा ब्रिटिश, म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून येऊन काही वर्षं इथे मुलं वाढवलेला बाप.

कायद्यासाठी ॲडम विंक्लरचं 'गनफाइट'. घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, त्या खटल्याभोवती ते रचलंय. दोन्ही बाजूंचे गैरसमज काढतं. कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारावरचं डेव्ह कलनचं 'कोलंबाइन' मात्र इथे येऊन स्थिरावल्यावर वाच. ती शाळा तुझ्या घरापासून गाडीने तासाभरावर असेल.

माझा मुलगा केजीत असताना एक दिवस जेवताजेवता म्हणाला, "आई, आज आम्ही अंधारात गप्प बसलो होतो. माझ्या बुटांचे दिवे लागतात ना, म्हणून टीचरने ते काढायला लावले." हल्लेखोर शिरला तर काय करायचं, त्याची तालीम होती. आम्हाला आधी एका ओळीने कळवलं नव्हतं. याच शाळेने लसीच्या कार्डावर तारीख आधी की महिना आधी यावरून आम्हाला हेलपाटे घालायला लावले होते. बीसीजी घेतलेल्या मुलाची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे सांगून माझा घसा बसला, तरी छातीचा एक्स-रे होईपर्यंत त्याला वर्गात घेतलं नाही. मुलगा आता कॉलेजात आहे. माझा राग तसाच आहे.

सैनिक समजून घ्यायला दोनच पुस्तकं सांगते. व्हिएतनामला जाऊन आलेल्या टिम ओब्रायनचं 'द थिंग्ज दे कॅरीड' हे कल्पित कथांचं पुस्तक आहे, पण पाठीवरच्या वस्तूंची वजनं सांगतासांगता तो भीतीपर्यंत नेतो. आणि डेव्हिड फिंकलचं 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस': इराकहून परतलेले जवान, त्यांच्या बायका, मुलं, रात्रीची भांडणं आणि घरातच असलेली बंदूक. अमेरिकेत गोळीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तू विचारलेले दोन्ही विषय तिथे एकत्र येतात. ते वाचल्यावर मी शेजारच्या निवृत्त सार्जंटकडे दिवाळीचा फराळ घेऊन जायला लागले. तो युद्धाबद्दल बोलत नाही, मीही विचारत नाही.

एकटेपणाचं म्हणशील तर पहिला हिवाळा जड जातो, पुढे माणसं जोडली जातात.

ये किंवा येऊ नकोस, हे माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मुलाचे बूट आठवले की मला अजून उत्तर देता येत नाही. पण आलास तर मुलगी कुणाकडे खेळायला जाण्याआधी त्या घरी सरळ विचार: बंदूक आहे का, कुलपात असते का? इथल्या आयांना त्याचा राग येत नाही. मला एकीने हाताला धरून तिजोरी दाखवली होती. फिंकल विकत घेऊ नकोस, माझी प्रत देईन.