प्रत्यर्पण, प्रत्यार्पण की हद्दपारी?

परदेशातून आरोपीला आणलं की बातमीत कधी 'प्रत्यर्पण' असतं, कधी 'प्रत्यार्पण' आणि कधी सरळ 'हद्दपार करून आणलं', तर हे सगळं एकच का, असा प्रश्न आलाय.

आधी कान्याचं उरकू. प्रति + अर्पण, म्हणून संधी प्रत्यर्पण. तो जादाचा काना बहुतेक प्रत्यारोपण, प्रत्याघात यांच्या नादानं घुसला असावा, पण तिथे मुळातच आरोपण, आघात आहे. आता पेपरवाले सर्रास 'प्रत्यार्पण' छापतात, चालायचंच.

हद्दपारीचा घोळ मात्र खरा, कारण तिथे अर्थच बदलतो. प्रत्यर्पण म्हणजे आपण मागायचं, त्या देशाच्या कोर्टानं कागद तपासायचे आणि मग अटी घालून माणूस द्यायचा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ च्या सप्टेंबरात लिस्बनला पकडला गेला, मुंबईत आणायला नोव्हेंबर २००५ उजाडलं. त्यात पोर्तुगालला शब्द द्यावा लागला की फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैदही नाही, तो अडवाणी उपपंतप्रधान असताना दिला गेला. पुढे २०१७ ला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टानं जन्मठेप सुनावली तरी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंच की दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल. शिवाय आपल्या १९६२ च्या कायद्यातच आहे की ज्या गुन्ह्यासाठी आणलं त्यावरच खटला, बाकीच्यांसाठी त्या देशाची परवानगी हवी.

हद्दपारीत हे काही नसतं, म्हणजे तो देश आपल्या परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली म्हणतो, तू आम्हाला नकोस, नीघ, आणि आपल्याकडे येणाऱ्या विमानात बसवून देतो. दाऊदचा भाऊ इक्बाल कासकर २००३ ला यूएईतून आला तो असा.

त्यात मराठीत आणखी गंमत, आपल्याकडे पोलीस गल्लीतल्या गुंडालाही 'हद्दपार' करतात, म्हणजे तडीपार, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, त्यामुळे बातमीत नुसतं 'हद्दपार' वाचून देशाबाहेर की सातारा जिल्ह्याबाहेर तेच कळत नाही. देशाचं असेल तर 'देशाबाहेर काढलं' लिहावं, तडीपारीला तडीपारीच म्हणावं.

आणि माणूस नको, बँकेचे कागद किंवा साक्ष हवी असेल तर प्रत्यर्पण शब्दच चुकीचा, त्यासाठी कोर्टामार्फत विनंतीपत्र जातं, सीबीआयवाले त्याला नुसतं 'एलआर', म्हणजे लेटर रोगेटरी, म्हणतात. २६/११ हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलं ते मात्र १९९७ च्या करारानुसार झालेलं प्रत्यर्पणच, तिथे 'हद्दपार' अजिबात नको.